वाचकांचे प्रश्न : वाटणी मंजूर, वाटणीपत्र नामंजूर

गेल्या अंकात या सदरात ब्रेक्झिटविषयी, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याविषयी, एक छोटे टिपण दिले होते. ‘ज्या देशाच्या जनतेने बाहेर पडण्याचा कौल दिला, त्याच देशाच्या संसदेने बाहेर पडण्याचा करार तीन वेळा फेटाळला’ हे त्यातले वाक्य काही वाचकांना खटकले, काहींना अपुरे वाटले, आणि एका वाचकाने तर त्याच टिपणातली आमची एक ढोबळ चूक दाखवून दिली. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सदराच्या प्रघाताप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : लोकांनी कौल दिला, सरकारने वाटाघाटी करून करार आणला आणि खासदारांनी तो तीनदा पाडला. मी आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवले. लोकशाहीत जनता सार्वभौम असते असे शिकवले. मग हा लोकमताचा उघड अवमान नव्हे काय?
(एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे आणि ब्रिटनमधील असंख्य मतदारांच्या मनात तोच राग होता. मात्र अवमान झाला की नाही हे ठरवण्याआधी कौल नेमका कशाला मिळाला होता, हे पाहावे लागते. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचे सदस्य राहावे की संघ सोडावा? संघ सोडावा असे म्हणणारे १ कोटी ७४ लाख निघाले आणि राहावे असे म्हणणारे १ कोटी ६१ लाख, टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१. मतदान ७२ टक्क्यांहून अधिक झाले होते, त्यामुळे लोक उदासीन होते असेही म्हणता येत नाही. कौल स्पष्ट होता. परंतु संघ सोडून जायचे कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हते. नॉर्वेप्रमाणे संघाबाहेर राहूनही त्याच्या एकल बाजारपेठेत, म्हणजे सर्वांना सारखेच नियम असलेल्या मोकळ्या बाजारात, राहता येते; तुर्कस्तानप्रमाणे बव्हंशी औद्योगिक मालापुरते संघाशी जोडलेल्या सीमाशुल्क संघात, म्हणजे आपसांत जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सारखीच जकात अशा व्यवस्थेत, राहता येते; कॅनडाप्रमाणे दूरचा व्यापारी म्हणून स्वतंत्र करार करता येतो; आणि कोणताच करार न करता जागतिक व्यापार संघटनेच्या सर्वसाधारण नियमांवरही विसंबता येते. प्रत्येक वाटेचे मोल वेगळे, प्रत्येकीत सोडाव्या लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या. तरीही या सगळ्या वाटांना त्या मतपत्रिकेवर ‘सोडावा’ हा एकच रकाना होता.

आपल्याकडे शेतीच्या वाटणीत हेच घडते. ‘आता वेगळे व्हायचे’ यावर चारही भावांचे एका बैठकीत एकमत होते. पण सामाईक विहिरीवरच्या मोटारीची पाळी, बांधावरचा आंबा, सोसायटीचे कर्ज आणि म्हातारे आईवडील कोणाकडे, हे कागदावर उतरू लागले की तेच भाऊ एकमेकांकडे न पाहता तलाठ्याच्या कचेरीतून बाहेर पडतात. ब्रिटिश जनतेने वाटणीला संमती दिली होती. वाटणीपत्र त्या वेळी लिहिलेच गेले नव्हते.

ते लिहायला सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागला. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला, जुलैत थेरेसा मे पंतप्रधान झाल्या आणि २९ मार्च २०१७ रोजी त्यांनी संघाच्या करारातील कलम ५० नुसार बाहेर पडण्याची नोटीस दिली. या कलमात दोन वर्षांची मुदत आहे आणि ती एकमताने वाढवली गेली नाही, तर करार झाला नसला तरी सदस्यत्व संपते. म्हणजे घड्याळ पहिल्या दिवसापासून जाणाऱ्याच्या विरोधात चालते. संघाच्या वतीने बोलणी करणारे मिशेल बार्निए यांनी विषयांचा क्रमही ठरवून घेतला : आधी नागरिकांचे हक्क, देणे आणि आयर्लंडची सीमा, मग व्यापार. नोव्हेंबर २०१८ मध्ये ५८५ पानांचा करार तयार झाला आणि त्यासोबत पुढच्या संबंधांविषयी २६ पानांचे एक राजकीय घोषणापत्र जोडले गेले, जे कायद्याने बंधनकारक नव्हते. पानांचे हे प्रमाणच बोलके आहे. मागचा हिशेब तपशीलवार लिहिला होता, पुढचे आयुष्य मोघम ठेवले होते.

१५ जानेवारी २०१९ रोजी या कराराला २०२ मते मिळाली आणि विरोधात ४३२ पडली. आधुनिक काळात ब्रिटनच्या कोणत्याही सरकारचा संसदेत एवढा मोठा पराभव झालेला नाही. विरोधात मत देणाऱ्यांत पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदार होते. १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२ आणि २९ मार्चला ३४४ विरुद्ध २८६ असा तो पुन्हा पडला. ही तिसरी तारीख म्हणजे मूळ वेळापत्रकानुसार देशाने संघ सोडायचा दिवस होता. दरम्यान सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनच्या प्रथेचा दाखला देत तोच प्रस्ताव त्याच अधिवेशनात पुन्हा आणण्यास मनाई केली होती, म्हणून तिसऱ्या वेळी राजकीय घोषणापत्र बाजूला ठेवून नुसताच करार मतास टाकावा लागला.

आता या विरोधकांना एका ओळीत उभे करून पाहावे. एका टोकाला असे खासदार होते की ज्यांच्या मते या कराराने ब्रिटन संघाच्या दावणीला बांधलेलाच राहत होता. दुसऱ्या टोकाला असे होते की ज्यांना संघ सोडणेच मान्य नव्हते. मध्ये मजूर पक्ष होता, ज्याला बाहेर पडणे मान्य होते पण कायमचा सीमाशुल्क संघ हवा होता. आणि स्कॉटिश राष्ट्रवादी होते, ज्यांच्या प्रदेशाने ६२ टक्के मतांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला होता. करार नको यावर हे सारे एकत्र आले, पण काय हवे यावर त्यांतले कोणतेही दोन गट एकत्र येईनात. २७ मार्चला संसदेने स्वतःहून आठ पर्याय मतास टाकले. एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलला चार पर्याय टाकले. तेही पडले, आणि त्यांतला सीमाशुल्क संघाचा पर्याय तर अवघ्या ३ मतांनी पडला.

तेव्हा माझे उत्तर असे, की दोष द्यायचाच असेल तर तो २०१९ च्या नकारापेक्षा २०१७ च्या होकाराला द्यावा. नोटीस देण्याची परवानगी मागणारे विधेयक १ फेब्रुवारी २०१७ रोजी दुसऱ्या वाचनात ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे सरकले होते. एवढ्या मोठ्या बहुमताने घड्याळ सुरू करताना ‘कोणते बाहेर पडणे’ हे आधी ठरवून घेण्याचा आग्रह बहुसंख्य खासदारांनी धरला नाही. थेरेसा मे यांनीही एकल बाजारपेठ नको, सीमाशुल्क संघ नको, अशा रेषा आधीच जाहीर करून टाकल्या आणि जून २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गमावल्यावरही त्या पुसल्या नाहीत. आपण नागरिकशास्त्र शिकवले आहे, म्हणून एवढेच जोडतो : जनता सार्वभौम असली, तरी तिला विचारलेला प्रश्न कोणीतरी लिहिलेला असतो.

प्रश्न : आपण लिहिले आहे की ‘ब्रिटनने युरो चलन सोडले’. त्यांनी ते कधी घेतले होते?
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : कधीच नाही. चूक पूर्णपणे आमची आहे. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला, पण त्याने पौंड कायम ठेवला आणि पारपत्र न तपासता ये-जा करण्याच्या शेंगेन व्यवस्थेतही तो कधी गेला नाही. म्हणजे घरात राहूनही त्याची चूल काही अंशी वेगळीच होती.

प्रश्न : संपूर्ण करार आयर्लंडच्या सीमेवर अडला असे वाचले. एवढ्याशा सीमेने एवढ्या मोठ्या देशाला का अडवावे? ‘बॅकस्टॉप’ म्हणजे नेमके काय होते?
(स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

उत्तर : आपण परीक्षेसाठी विचारता आहात, पण हा प्रश्न गुणांसाठी पाठ करण्यासारखा नाही, नकाशा समोर घेऊन समजून घेण्यासारखा आहे. आयर्लंड बेटाचा मोठा भाग म्हणजे आयर्लंडचे स्वतंत्र प्रजासत्ताक, जे युरोपीय संघातच राहिले. ईशान्येकडचा उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग. दोहोंमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची असून दोनशेहून अधिक रस्ते ती ओलांडतात, आणि काही ठिकाणी ती एकाच शेतकऱ्याच्या रानातून जाते. या प्रदेशाने तीन दशके हिंसाचार सोसला, त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि सीमेवरच्या लष्करी चौक्या हे त्या काळाचे सर्वांत उघड चिन्ह होते. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर त्या चौक्या निघाल्या. मालाच्या तपासण्या तर संघाच्या एकल बाजारपेठेमुळे त्याआधीच थांबल्या होत्या. आज गाडीतून जाणाऱ्याला देश बदलल्याचे कळते ते बहुधा वेगमर्यादेच्या पाटीवरून, कारण एका बाजूला मैल असतात आणि दुसऱ्या बाजूला किलोमीटर.

नाशिककरांना शहराच्या वेशीवरचे जकात नाके आणि तिथल्या ट्रकच्या रांगा आठवत असतील. दोन प्रदेशांचे कर आणि मालाचे नियम वेगळे झाले, की मधे कुठेतरी नाका येतोच. ब्रिटनच्या सरकारने तीन आश्वासने दिली होती : आयर्लंड बेटावर नाका येणार नाही, उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही नाका येणार नाही, आणि संपूर्ण देश एकल बाजारपेठ व सीमाशुल्क संघ या दोहोंतून बाहेर पडेल. यांतली कोणतीही दोन पाळता येतात. तिन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि ब्रिटनमधील भांडणाचा मोठा भाग हे साधे गणित मोठ्याने मान्य न करण्यातून आला, असे माझे मत आहे.

बॅकस्टॉप हा शब्द आपण क्रिकेटच्या भाषेत समजून घेऊ शकता : यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू सुटलाच, तर मागे उभा केलेला क्षेत्ररक्षक. थेरेसा मे यांच्या करारात अशी तरतूद होती, की पुढच्या व्यापार करारातून सीमेचा प्रश्न सुटला नाही, तर तो सुटेपर्यंत संपूर्ण युनायटेड किंग्डम संघाशी एका सामाईक सीमाशुल्क क्षेत्रात राहील, आणि दोघांपैकी कोणालाही त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. ही व्यवस्था अनिश्चित काळ चालू शकते असे सरकारच्याच महाधिवक्त्यांनी लेखी कळवले होते. ते मत सरकारने दडवून ठेवले, त्याबद्दल डिसेंबर २०१८ मध्ये संसदेने सरकारला अवमानाबद्दल दोषी ठरवले, आणि मग दुसऱ्याच दिवशी ते प्रसिद्ध करावे लागले. मतभेदाला तिथून खरी धार आली. ‘दार आहे पण कडी दोघांनी मिळून काढायची’ अशा खोलीत शिरायला कट्टर ब्रेक्झिटवादी तयार नव्हते. आणि ज्यांच्या १० खासदारांच्या टेकूवर मे यांचे सरकार उभे होते, त्या उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाला, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलेच राहू इच्छिणाऱ्यांच्या पक्षाला, आपला प्रदेश उर्वरित देशाहून तसूभरही वेगळा चालणार नव्हता. गंमत अशी, की सार्वमतात खुद्द उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी संघात राहण्याचा कौल दिला होता.

जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी ऑक्टोबरात ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली, म्हणजे खरे तर दुसरीकडे मारली. त्यांनी दुसरे आश्वासन सोडले. उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत संघाचे नियम लागू राहिले आणि तपासणी समुद्रापलीकडून येणाऱ्या मालाची होऊ लागली. युनियनिस्टांना हा विश्वासघात वाटला. पुढे त्यांच्या बहिष्कारामुळे उत्तर आयर्लंडचे सरकार फेब्रुवारी २०२२ पासून सुमारे दोन वर्षे चालूच शकले नाही. फेब्रुवारी २०२३ मधील विंडसर समझोत्याने तिथेच राहणाऱ्या मालासाठी हिरवी आणि पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल, अशा दोन मार्गिका केल्या, तेव्हा ताण काहीसा कमी झाला.

प्रश्न : आम्ही संयुक्त महाराष्ट्राचा लढा पाहिला आहे. द्विभाषिक राज्यातून वेगळे होताना आपणही हिशेब केला, डांगवरून भांडलो, आणि १ मे १९६० रोजी मोकळे झालो. इंग्रजांना एवढा घोळ का घालावा लागला?
(एक ज्येष्ठ नागरिक, पंचवटी)

उत्तर : साम्य आपण अचूक टिपले आहे. मुंबई कोणाची, गुजरातला आर्थिक भरपाई किती, आणि आपल्या सुरगाण्याला लागून असलेला डांग कोणाकडे, या प्रश्नांनी तेव्हाही माणसे पेटून उठली होती. डांग आणि उंबरगाव गेल्याची हळहळ सीमेवरच्या गावांत आपण माझ्याहून अधिक ऐकली असेल. फरक मात्र मोठा आहे. महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांच्याही वर दिल्लीची एक संसद होती, तिने कायदा केला आणि वाद असला तरी निकाल लागला. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यावर असा कोणी वडीलधारा नव्हता. शिवाय वेगळे झाल्यावरही सुरतेच्या माणसाला नाशिकमध्ये दुकान चालवण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. याउलट ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीस लाखांहून अधिक युरोपीय नागरिकांना तिथे राहण्याचा हक्क अर्ज करून पुन्हा मिळवावा लागला.

मला अधिक जवळचे उदाहरण वाटते ते गोव्याचे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांपुढे फूल आणि दोन पाने अशी चिन्हे होती : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहणे. विलीनीकरणाचा पराभव सुमारे ३४ हजार मतांनी झाला आणि आपल्यापैकी अनेकांना तो तेव्हा लागला. पण निकालानंतर ‘दोन पाने म्हणजे नेमके काय’ असा वाद कोणी घातला नाही, कारण दोन्ही चिन्हांमागे उभी असलेली व्यवस्था लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

प्रश्न : बाहेर पडताना ब्रिटनने संघाला द्यायची ३९ अब्ज पौंड ही रक्कम दंड होती का? जाणाऱ्याने पैसे का द्यावेत?
(एक हिशेबनीस, सिडको)

उत्तर : दंड नव्हता. भिशीत बसलेला सभासद मधेच उठला, तरी ज्या हप्त्यांना त्याने मान डोलावली होती ते त्याला द्यावे लागतात. तसे हे देणे होते. संघाचा अर्थसंकल्प २०१४ ते २०२० असा सात वर्षांचा ठरलेला होता आणि ब्रिटनने त्याला संमती दिलेली होती. त्यातले कबूल केलेले पण अजून न चुकवलेले खर्च, संघाच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा वाटा आणि संक्रमणकाळातली, म्हणजे बाहेर पडल्यावरही जुने नियम चालू राहण्याच्या काळातली, वर्गणी यांचा तो अंदाज होता. ब्रिटनमध्ये तो आकडा झोंबला याचे कारण दुसरे आहे. सार्वमताच्या प्रचारात एका लाल बसवर ‘आपण संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो’ असे रंगवले होते. ती रक्कम ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता लिहिलेली होती आणि देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने ती दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले होते. पैसे वाचणार अशा अपेक्षेने मत दिलेल्या माणसाच्या हातात आधी देण्याचीच चिठ्ठी आली.

प्रश्न : न्यायालयांनी या वादात पडायला नको होते, असे आपणांस वाटते का?
(एक वकील, शरणपूर रोड)

उत्तर : नाही. दोन निकाल महत्त्वाचे. २४ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी ठरवले, की संसदेच्या कायद्याशिवाय सरकारला कलम ५० ची नोटीस देता येणार नाही. २४ सप्टेंबर २०१९ रोजी अकराही न्यायमूर्तींनी एकमताने ठरवले, की जॉन्सन सरकारने संसद पाच आठवडे स्थगित ठेवण्याचा राणीला दिलेला सल्ला बेकायदा होता, त्यामुळे ती स्थगिती झालीच नाही असे मानावे. आपल्याला ठाऊकच आहे, की ब्रिटनचे न्यायालय संसदेचा कायदा आपल्या न्यायालयांप्रमाणे घटनाबाह्य ठरवू शकत नाही. दोन्ही वेळा त्याने ‘राहा’ किंवा ‘जा’ असे सांगितले नाही, प्रश्न संसदेच्या दारात परत नेऊन ठेवला. पहिल्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा एका वृत्तपत्राने पहिल्या पानावर न्यायाधीशांना जनतेचे शत्रू म्हटले होते. तो मथळा मला त्या सगळ्या वर्षांतला सर्वांत लाजिरवाणा वाटतो.

प्रश्न : तयार करार लोकांपुढे ठेवून पुन्हा मत घेतले असते, तर सगळा पेच सुटला नसता का?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक रोड)

उत्तर : तशी मागणी जोरदार होती. लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले आणि नोटीस मागे घ्यावी या मागणीच्या अर्जावर मार्च २०१९ मध्ये ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या. ब्रिटनला नोटीस एकतर्फी मागे घेता येईल असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजीच दिला होता. पुन्हा मत घेण्याचे दाखलेही होते : डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्ट करार नाकारून १९९३ मध्ये काही सवलतींसह स्वीकारला, आणि आयर्लंडनेही संघाच्या नंतरच्या करारांना २००१ व २००८ मध्ये दिलेले नकार पुढच्याच वर्षी फिरवले. मात्र हेच दाखले ब्रेक्झिटवाद्यांच्या हातात उलटे पडत. ‘हवे ते उत्तर मिळेपर्यंत ब्रसेल्स पुन्हा पुन्हा विचारते’ हा त्यांचा जुना आरोप होता, आणि २०१६ मध्ये घरोघरी पाठवलेल्या सरकारी पत्रकात तर ‘तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल’ असे छापलेले होते.

दुसरी अडचण कागदावरचीच होती. मतपत्रिकेवर काय लिहायचे? ‘हा करार की संघात राहणे’ असे विचारले, तर करार न करता बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना जागा नाही. ‘हा करार की कराराविना’ असे विचारले, तर राहू इच्छिणाऱ्यांना नाही. तिन्ही पर्याय ठेवले, तर बाहेर पडण्याची मते दोन ठिकाणी विभागून तिसराच निवडून येण्याची शक्यता. प्रश्न कसा लिहिला यावर उत्तर ठरणार होते, आणि प्रश्न लिहिण्याचा अधिकार ज्या संसदेकडे होता तिलाच तो लिहिता येत नव्हता. १ एप्रिल २०१९ रोजी दुसऱ्या सार्वमताचा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ मतांनी पडला. व्यक्तिशः मला असे वाटते, की जानेवारी २०१९ मध्ये करार हातात असताना त्यावर लोकांचे मत घेणे योग्य ठरले असते. परंतु २०१६ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मताने काहीतरी बदलले असे वाटलेल्या माणसाला तो रडीचा डाव वाटला असता, हेही मला नाकारता येत नाही.

शेवटी पेच सुटला तो निवडणुकीने. १२ डिसेंबर २०१९ रोजी ‘एकदाचे ब्रेक्झिट उरका’ या एकाच सुरावर जॉन्सन यांच्या पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या. ३१ जानेवारी २०२० रोजी लंडनमध्ये रात्री अकरा वाजता ब्रिटन संघाबाहेर पडला. आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट, साडेचार वाजले होते. व्यापाराचा करार त्यानंतर २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे संक्रमणकाळ संपायला आठवडा उरला असताना झाला.

प्रश्न : आमची द्राक्षे निर्यातदारामार्फत हॉलंडला आणि इंग्लंडलाही जातात. त्यांच्या भांडणाने आमच्या बागेत काय बदलले? निर्यातदार ‘आता दोन याद्या आहेत’ असे म्हणतो ते खरे का?
(एक द्राक्षबागायतदार, दिंडोरी तालुका)

उत्तर : खरे आहे. पूर्वी रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल पुढे इंग्लंडला पाठवताना तो एकाच बाजारपेठेत फिरत असे. १ जानेवारी २०२१ पासून ती दोन गिऱ्हाइके झाली : कागदपत्रे वेगळी, सीमेवरची तपासणी वेगळी, आणि फळात कोणत्या औषधाचा किती उर्वरित अंश चालेल याची यादीही वेगळी. ब्रिटनने सुरुवात युरोपीय यादीची नक्कल घेऊन केली, परंतु त्या दिवसापासून दोन्ही बाजू आपापल्या यादीत स्वतंत्रपणे बदल करू लागल्या. त्यातही उत्तर आयर्लंडला वर सांगितलेल्या कारणाने युरोपचीच यादी लागू राहिली. म्हणजे एकाच देशात जाणाऱ्या द्राक्षाला, ते कोणत्या किनाऱ्यावर उतरते त्यानुसार, वेगळा नियम.

याचे गांभीर्य नाशिकला वेगळे सांगायला नको. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले होते आणि त्याची झळ बागायतदारांना दीर्घकाळ सोसावी लागली. तेव्हाचा प्रश्न आपण एका यादीशी न जुळण्याचा होता; आता दोन याद्यांचा मेळ घालावा लागतो.

यात आणखी एक वळण आहे. १९ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि संघ यांनी अन्न, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्यनियमांसाठी सामाईक व्यवस्था उभारण्याच्या दिशेने जायचे ठरवले आहे, ज्यात ब्रिटन संघाचे नियम बदलतील तसे स्वीकारत जाईल. तसे झाले तर याद्या पुन्हा एकत्र येतील, आणि ‘मग बाहेर कशाला पडलो’ हे तिथले भांडण पुन्हा पेटेल. भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. ब्रिटन संघात असता तर त्याला असा स्वतंत्र करार करताच आला नसता. सह्यांचा तो समारंभ झाला चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी, जिथे जुलै २०१८ मध्ये थेरेसा मे यांनी आपल्या मंत्रिमंडळाला ब्रेक्झिटच्या आराखड्यावर राजी केले होते आणि त्यानंतर काही दिवसांतच बोरिस जॉन्सन यांच्यासह दोन ज्येष्ठ मंत्री राजीनामा देऊन निघून गेले होते.

आपल्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच. मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांचे निकष बहुधा दोन्ही सरकारी याद्यांहून कडक असतात, त्यामुळे माल कोणत्या देशात आणि कोणत्या साखळीकडे जाणार, हे निर्यातदाराकडून ऑक्टोबर छाटणीआधीच लेखी घ्यावे. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची औषधांची यादी फवारणीच्या वहीत चिकटवून ठेवावी, आणि काढणीआधी किती दिवस कोणते औषध थांबवायचे हे ठरवताना ब्रिटन आणि युरोप यांच्या दोन याद्यांपैकी जिच्यात उर्वरित अंशाची मर्यादा कमी असेल तीच धरावी.